मेहनत कोणाच्या वाट्याला?

१९५६ च्या फेब्रुवारीत आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुण्यातून एक प्रयोग सुरू केला. पाच मराठीभाषक जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली, प्रत्येक गावात वीसेक माणसांचे एक श्रोतेमंडळ उभे केले आणि दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास शेती, आरोग्य, गावकारभार असे विषय रेडिओवरून ऐकवले. कार्यक्रम संपला की मंडळी बोलायला बसत. पटले नाही ते बोलून दाखवत, अडले ते केंद्राला लिहून कळवत, आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्याला उत्तर मिळे. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. तुलनेसाठी त्यांनी आणखी काही गावे घेतली होती. त्यांपैकी काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, काहींत रेडिओही नव्हता. मंडळाच्या गावांत लोकांच्या माहितीत भरघोस वाढ झाली. जिथे नुसता रेडिओ होता, तिथे ती बेताचीच राहिली. दोन्हीकडे यंत्र तेच होते आणि कार्यक्रमही तेच होते. फरक पडला तो ऐकून झाल्यावर काय घडले यामुळे.

आता तो रेडिओ पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या हातात आला आहे. तो बोलतो, दाखवतो, शोधून देतो, गणित सोडवतो आणि सांगितले तर निबंधही लिहून देतो. ‘असर’ या सर्वेक्षणानुसार २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२२ मध्ये हे प्रमाण ७४.८ टक्के झाले. चार वर्षांत दुप्पट. त्यावरून चाललेला वाद सगळ्यांच्या परिचयाचा आहे. मोबाइलने पोरे बिघडली, असे एक बाजू म्हणते. मोबाइलमुळे खेड्यातल्या मुलाला जगाचे ज्ञान खुले झाले, असे दुसरी म्हणते. दोघांचेही लक्ष यंत्रावर आहे. या प्रकरणात ते थोडे बाजूला वळवायचे आहे. शिक्षणात तीन प्रकारची मेहनत असते. धडा शिकणाऱ्यापर्यंत पोहोचवण्याची एक. त्याला प्रश्न विचारून तो नेमका कुठे अडला आहे हे हुडकण्याची दुसरी. आणि आठवण्याची, चुकण्याची, खोडून पुन्हा करण्याची तिसरी, जी शिकणाऱ्याची स्वतःची असते. पहिली मेहनत यंत्राने खुशाल घ्यावी. दुसरीत त्याची मोठी मदत होऊ शकते. तिसरी मात्र यंत्राने उचलली की शिकणे तिथेच थांबते. डिजिटल शिक्षणाच्या यशापयशाचे जे पुरावे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जमा झाले आहेत, ते या एका कसोटीवर लावून पाहिले तर त्यांतल्या बऱ्याच विसंगती सुटतात.

यंत्र पोहोचले म्हणजे शिक्षण पोहोचले, ही समजूत मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. सिनेमामुळे शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे भाकीत थॉमस एडिसनने १९१३ मध्येच केले होते. आपल्या काळात या समजुतीचे सर्वांत ठळक रूप म्हणजे निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ मध्ये मांडलेली शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप द्या, पुढचे मूल बघून घेईल, असा तिचा भरवसा होता. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या छोट्या शाळेतही हे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. पण सर्वांत मोठी खरेदी पेरू देशाने केली, आठ लाखांहून अधिक लॅपटॉपची. तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास करून संशोधकांनी २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गणितात आणि भाषेत लॅपटॉप मिळालेली मुले न मिळालेल्या मुलांच्या पुढे गेली नव्हती. लॅपटॉप वापरायला मात्र ती चांगली शिकली होती. यंत्र शिकणे आणि यंत्राने शिकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीचेही मोल आहेच. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावच्या तरुणांनी केला, तो नोकरीच्या अर्जाला त्या प्रमाणपत्राची गरज असते म्हणून, आणि त्यात गैर काही नाही. पण संगणक येतो म्हणून अपूर्णांक येतील, ही अपेक्षा सायकल येते म्हणून पोहता येईल अशा अपेक्षेसारखी आहे.

मग यंत्राने शिकता येतच नाही का? येते, आणि त्याचा एक चांगला पुरावा गुजरातेतल्या बडोद्याचा आहे. २००० साली राज्य सरकारने तिथल्या शंभर पालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. दोन वर्षांनी ‘प्रथम’ संस्थेने चौकशी केली तेव्हा फारच थोड्या शाळांत ते वापरात होते. संस्थेने संगणकांशेजारी बसायला माणसे नेमली आणि चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, दोघांत एक संगणक, असे गणिताचे खेळ दिले. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड होई, चुकले की सोपा होई. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचे मोजमाप केले. सांख्यिकीत असे फरक प्रमाण विचलनात सांगतात. इथे ते समजायला सोपे जावे म्हणून रांगेच्या भाषेत सांगतो. शंभर मुले गुणांप्रमाणे रांगेत उभी केली, तर पन्नासाव्या जागेवरचे मूल पहिल्या वर्षी साधारण चौसष्टाव्या आणि दुसऱ्या वर्षी अडुसष्टाव्या जागेपर्यंत वर चढले. आठवड्याच्या दोन तासांत एवढी चढण कमी नाही. मात्र उपक्रम संपल्यावर वर्षभराने यातली बरीचशी कमाई ओसरली होती, हेही त्याच अभ्यासात नोंदलेले आहे. अंगवळणी पडण्याआधी सुटलेला सराव टिकत नाही.

याहून बोलका दाखला अहमदाबादचा आहे. तिथे वस्त्यांमधल्या मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या एका संस्थेत लेह लिंडन या अर्थतज्ज्ञाने एकच संगणकीय कार्यक्रम दोन प्रकारे वापरून पाहिला. एका प्रकारात मुलांना रोज वर्गातून उठवून संगणकापुढे बसवले, म्हणजे तेवढा वेळ शिकवण्यातून कापला गेला. दुसऱ्या प्रकारात शाळेच्या वेळेबाहेर संगणकावर सराव दिला. सॉफ्टवेअर तेच, पण निकाल उलटसुलट आले. पहिल्या प्रकारात रांगेतले मधले मूल अठ्ठाविसाव्या जागेपर्यंत घसरले, दुसऱ्यात ते एकसष्टाव्या जागेपर्यंत चढले. त्या संस्थेचे नेहमीचे शिकवणे चांगले आखलेले होते, हे इथे ध्यानात ठेवायला हवे. चांगल्या शिकवण्याची जागा संगणकाने घेतली तेव्हा नुकसान झाले. शिकवलेले घोटण्याची जागा घेतली तेव्हा फायदा झाला. तेव्हा ‘संगणकाने शिक्षण सुधारते का?’ हा प्रश्न ‘औषधाने बरे वाटते का?’ या प्रश्नाइतकाच अर्धवट आहे. कोणते, कशासाठी आणि कशाऐवजी, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

दुसऱ्या मेहनतीत, म्हणजे मूल कुठे अडले हे हुडकण्यात, यंत्राची खरी ताकद दिसते ती दिल्लीत झालेल्या एका अभ्यासात. ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या केंद्रांत सोडतीने निवडलेली मुले रोज दीड तास येत. त्यातली पंचेचाळीस मिनिटे संगणकावर सराव आणि उरलेली पंचेचाळीस मिनिटे लहान गटात एका साहाय्यकाबरोबर अभ्यास. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंह आणि अलेहांद्रो गानिमियान यांच्या या अभ्यासात चौथी ते नववीची ६१९ मुले होती. साडेचार महिन्यांत मधले मूल गणितात चौसष्टाव्या आणि हिंदीत एकोणसाठाव्या जागेवर पोहोचले. आकड्यांपेक्षाही त्यामागचे कारण उद्बोधक आहे. सरासरी सहावीतले मूल गणितात आपल्या इयत्तेच्या सुमारे अडीच वर्षे मागे असल्याचे सुरुवातीलाच आढळले होते, आणि एकाच वर्गात पाच-सहा वेगवेगळ्या पातळ्यांची मुले शेजारी शेजारी बसलेली होती. समोर सहावीचे पुस्तक उघडून उभा असलेला शिक्षक यातल्या कोणाला शिकवणार? पुस्तक पुढे सरकत राहते, मूल तिथेच राहते आणि दर वर्षी दोघांतले अंतर वाढते. यंत्राने केले ते इतकेच की, प्रत्येक मुलाला त्याच्या पायरीवर गाठले. तिथून पुढे चढायचे काम मुलाचेच होते. याच मुलांना शाळेच्या गणिताच्या परीक्षेत मात्र म्हणावा तसा फरक दिसला नाही. तिसरीच्या पायरीवरून चौथीच्या पायरीवर आलेल्या मुलाची ही प्रगती सहावीच्या प्रश्नपत्रिकेला दिसणार तरी कशी? हा दोष यंत्राच्या माथी मारता येत नाही.

हे सगळे अभ्यास कोणीतरी आखलेल्या, देखरेखीखालच्या वापराचे आहेत. तरुणांच्या हातातल्या फोनची गोष्ट निराळी आहे. तिथे वेळापत्रक नाही, शेजारी साहाय्यक नाही. ‘असर’ने २०२३ मध्ये २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटाची पाहणी केली. जवळपास ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरताही येत होता. ज्यांना काम करून दाखवायला फोन मिळाला, त्यांच्यातल्या पाचांपैकी सुमारे चौघांनी यूट्यूबवर सांगितलेला व्हिडिओ शोधून दाखवला. पण याच वयोगटातल्या साधारण चौथ्या हिश्श्याला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता येत नव्हता आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित ४३.३ टक्के मुलांनाच जमले. पुढच्या वर्षीच्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या, फोन वापरू शकणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी गेल्या आठवडाभरात अभ्यासाशी संबंधित काहीतरी फोनवर केल्याचे सांगितले. समाजमाध्यमांसाठी फोन वापरणारे ७६ टक्के होते. ५७ टक्के हा आकडा लहान नाही. निम्म्याहून अधिक मुले आपणहून अभ्यासासाठी फोनकडे वळतात, म्हणजे त्यांना शिकायचे आहे. ‘पोरे नुसती रील्स बघतात’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पण अभ्यासाशी संबंधित ‘काहीतरी’ म्हणजे काय, तिथे आपल्याला थांबावे लागते. धड्याचा व्हिडिओ पाहणे, उत्तरे उतरवून घेणे, स्वतःची परीक्षा घेणे, ही तिन्ही कामे या एकाच रकान्यात मोडतात. शिकण्याच्या दृष्टीने त्यांची किंमत मात्र सारखी नाही.

ती का नाही, याचे उत्तर स्मरणाच्या शास्त्रात आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो एकदा वाचून, बाजूला ठेवून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना बरेच मागे टाकले होते. आपल्या आजोबांच्या पिढीतली पाढ्यांची परवचा आणि ‘बघून नको, पाठ म्हण’ हा दरारा कितीही रुक्ष असला, तरी हे मर्म त्याला सापडलेले होते. छान व्हिडिओची अडचण इथेच आहे. शिकवणारा इतका सफाईने शिकवतो की त्याची समज आपलीच वाटू लागते. ‘कळले’ असे वाटणे आणि कळणे यांतले अंतर कागद-पेन घेतल्यावरच उघडे पडते. यावर एक रास्त आक्षेप असा की, कित्येक तरुण केवळ व्हिडिओ पाहून प्रोग्रॅमिंग शिकले, स्पर्धा परीक्षांची तयारी केली, त्यांचे काय? सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवला तेव्हा वस्तीतली मुले कोणी न शिकवता तो चालवायला शिकलीच की! ही उदाहरणे खरी आहेत. पण त्यांच्याकडे नीट पाहिले तर यशस्वी ठरलेला प्रत्येक जण पाहण्यावर थांबलेला नसतो. कोड स्वतः लिहून, चालवून, चुका शोधतो. प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवतो. म्हणजे तिसरी मेहनत तो स्वतःच करतो, आणि ती करायची शिस्त व पाया त्याच्यापाशी आधीच असतो. असे किती असतात? हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांनी जगभरासाठी खुल्या केलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन जणांनी अभ्यासक्रम पुरा केला. दरवाजा सताड उघडा होता. आत चालत जाण्याचे बळ सर्वांपाशी सारखे नव्हते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि आपली कसोटी आणखी धारदार झाली. आतापर्यंतची यंत्रे धडा पोहोचवत होती किंवा प्रश्न विचारत होती. हे यंत्र विद्यार्थ्याच्या वाट्याचे कामच करून देते. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. गणिताच्या सरावाच्या तासाला एका गटाला साधा चॅटबॉट दिला, दुसऱ्याला असा चॅटबॉट दिला की जो थेट उत्तर न सांगता पुढच्या पायरीची फक्त खूण देईल, आणि तिसऱ्याला नेहमीची वही-पुस्तके. सराव करताना साध्या चॅटबॉटवाल्यांची कामगिरी तिसऱ्या गटापेक्षा ४८ टक्क्यांनी सरस ठरली, खुणा देणाऱ्या चॅटबॉटवाल्यांची तर १२७ टक्क्यांनी. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली. साधा चॅटबॉट वापरलेली मुले, तो कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. खुणा देणाऱ्या चॅटबॉटच्या गटात हे नुकसान जवळजवळ टळले. पण टळले म्हणजे फायदा झाला असे नव्हे. सरावातली ती १२७ टक्क्यांची झेप परीक्षेत कुठे गेली, हा प्रश्न उरतोच. चांगल्या शिक्षकाला यात नवल वाटणार नाही. फळ्याशी आलेल्या मुलाच्या हातातला खडू घेऊन आपणच गणित सोडवून टाकायचा मोह आवरणे, हा त्याच्या कलेचा निम्मा भाग असतो. आता तो आवर यंत्रात घालायचा आहे, आणि तो घालणारी कंपनी व वापरणारे मूल या दोघांनाही चटकन मिळणारे उत्तरच अधिक प्रिय आहे.

इथे कोणी म्हणेल की, कॅल्क्युलेटर आला तेव्हाही अशीच ओरड झाली होती. प्रत्येक नव्या साधनाने काही मेहनत वाचते आणि माणूस वरच्या कामाला मोकळा होतो. हा युक्तिवाद बरोबर आहे, फक्त तो अर्ध्यावर सोडता कामा नये. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने लॉगॅरिथमची कोष्टके सोडून कॅल्क्युलेटर घेतला तेव्हा त्याच्या शिकण्यातले काही गेले नाही, कारण त्याला कोष्टके वाचायला शिकायचे नव्हतेच, पूल कसा तोलायचा हे शिकायचे होते. तोच कॅल्क्युलेटर दुसरीच्या मुलाला बेरजेसाठी दिला, तर जे शिकायचे तेच गेले. म्हणजे वाचलेली मेहनत हे त्या इयत्तेचे उद्दिष्ट होते की उद्दिष्टाच्या वाटेतला अडथळा, यावर सारे ठरते. बारावीच्या विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी जमवलेल्या आकड्यांचा आलेख यंत्राकडून काढून घेतला तर बिघडत नाही. त्या आलेखावरून निघणारा निष्कर्षही यंत्राकडूनच लिहून घेतला तर तिच्या प्रकल्पात तिचे असे काही उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मेहनत आणि पद्धतीची चर्चा ज्यांच्याकडे साधन आहे त्यांनी करावी, ज्यांच्याकडे साधनच नाही त्यांना तिचा काय उपयोग? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या ४.४ टक्के घरांत संगणक आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. घरात फोन आला म्हणजे तो मुलाच्या हाती आला असेही नव्हे. २०२१ च्या ‘असर’मध्ये घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी २६.१ टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. मुलींचे दुखणे तर वेगळेच आहे. २०२३ मध्ये फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. ही दरी बुजवलीच पाहिजे, यात दुमत नाही. पण टाळेबंदीच्या काळाने जे शिकवले तेही विसरता येत नाही. महाराष्ट्रात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे म्हणत ऑनलाइन अभ्यासमाला झाल्या, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली, व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला प्रश्न विचारणारा ‘स्वाध्याय’ उपक्रम झाला. कष्ट मनापासून झाले. तरीही दुसरीचे पुस्तक वाचू शकणाऱ्या तिसरीतल्या मुलांचे राज्यातल्या ग्रामीण भागातले प्रमाण २०१८ मधल्या ४२ टक्क्यांच्या आसपासून २०२२ मध्ये २७ टक्क्यांच्या आसपास आले. याचे खापर एकट्या साधनांच्या तुटवड्यावर फोडता येत नाही, कारण याच चार वर्षांत देशभर स्मार्टफोनवाली घरे दुप्पट झाली होती. रोज समोर बसवून वाचून घेणारे माणूस मुलाच्या आयुष्यातून गेले होते. त्याच काळात बोट्सवानात झालेला प्रयोग हेच दुसऱ्या बाजूने सांगतो. सुमारे साडेचार हजार कुटुंबांपैकी काहींना आठवड्याला गणिताचे प्रश्न साध्या एसएमएसने पाठवले, काहींना एसएमएसबरोबर पंधरा-वीस मिनिटांचा फोनही केला. नुसत्या एसएमएसने फरक पडला नाही. फोनने पडला, रांगेतले मधले मूल पंचावन्नाव्या जागेपर्यंत गेले. त्यासाठी स्मार्टफोन लागला नाही, इंटरनेटही लागले नाही. ‘कसे सोडवलेस ते सांग बघू’ असे विचारणारा आवाज तेवढा लागला.

तिसरा सूर बंदीचा आहे. फ्रान्सने २०१८ मध्ये शाळांत मोबाइलवर कायद्याने बंदी आणली, स्वीडनने अलीकडे पुन्हा छापील पुस्तकांवर पैसा लावला. मग आपणही वर्गातून पडदे हद्दपार का करू नयेत? या म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत काही वर्गांना लॅपटॉप आणायची मुभा दिली, काहींना नाकारली. मुभा असलेल्या वर्गांत मधला विद्यार्थी त्रेचाळिसाव्या जागेपर्यंत घसरला. ही शिस्तीत वाढलेली, गुणांवर पुढची नेमणूक अवलंबून असलेली मुले होती. तिथे ही गत, तर आपल्या कॉलेजच्या मागच्या बाकाची कल्पना केलेली बरी. लक्ष विचलित झाले की तिसरी मेहनत सुरूच होत नाही, म्हणून शिकवण्याच्या वेळी फोन दप्तरात राहावा हे योग्यच. पण बंदीने अडथळा दूर होतो, शिक्षण सुरू होत नाही. मोबाइल नव्हते तेव्हाही दुसरीचे पुस्तक न वाचता येणारी मुले सातवीत होतीच. त्यांच्यापर्यंत पोहोचायला बडोदा किंवा दिल्लीसारखा वापर उपयोगी पडत असेल, तर सरसकट बंदीने आपण तोही गमावू.

राहता राहिला शिक्षकांच्या तुटवड्याचा मुद्दा. पुरेसे शिक्षक नाहीत, म्हणून तर यंत्र हवे, असे धोरणकर्ते म्हणतात. वर दिलेले सर्व प्रयोग याच्या नेमके उलट बोट दाखवतात. बडोद्यात संगणकाशेजारी नेमलेले माणूस होते, दिल्लीत गट घेणारे साहाय्यक होते, बोट्सवानात फोनच्या पलीकडे शिकवणारे माणूस होते. ज्या ज्या ठिकाणी यंत्र लागू पडले, त्या त्या ठिकाणी कोणीतरी माणूस त्याच्याशी जोडलेला होता, आणि यंत्राने त्याचे पहिल्या व दुसऱ्या मेहनतीचे ओझे हलके केले होते. ही माणसे बडी पदवीधर असायला हवीत असे नाही. पण ती हवीत, आणि त्यांचा पगार योजनेच्या खर्चात धरलेला हवा. यंत्र हे माणसाच्या बदली असते असे धरून केलेला हिशेब कागदावर स्वस्त दिसतो, वर्गात तो महाग पडतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे असे कोड राज्यभरच्या पुस्तकांत ओळखीचे झाले आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. एका शिक्षकाने समोर बसलेल्या मुलांची भाषा आणि अडचण पाहून बनवलेली गोष्ट लाखो पुस्तकांवर छापता येते. ती बनवणारी नजर मात्र छापता येत नाही. मुलीने फोन धरला, कोड वाचला, व्हिडिओ उघडला, पाहिला, संपला. इथपर्यंतचे सारे यंत्राला मोजता येते, आणि योजनांच्या अहवालात तेवढेच मोजलेले असते, इतके टॅबलेट वाटले, इतके व्हिडिओ पाहिले गेले. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला व्हिडिओ न दाखवता कोणी विचारले का, तिने चुकत-माकत काय उत्तर दिले, ती कुठे अडली, यासाठी अहवालात रकाना नाही. १९५६ च्या त्या दीडशे गावांत रेडिओवरचा कार्यक्रम अर्ध्या तासात संपत असे. खरी बैठक त्यानंतर सुरू होई.